गोल्टीला फुटलेली मुळं

१९ जून, गुरुवार

स्वराजच्या दंडावरचा डाग अजून तसाच आहे. हिरवट-निळा. कंपासपेटीचा कोपरा जिथं लागला तिथं जास्तच गडद. मीच मारलं होतं! माझ्या नव्या पेनानं त्यानं माझ्याच वहीत बोकड काढला आणि खाली माझं नाव लिहिलं, म्हणून. महिना झाला त्याला.

त्यानंतरच सगळं सुरू झालं. नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त, ताप. पुण्याच्या दवाखान्यात तपासलं तर हाडातला मगज रिकामा निघाला. मटणाच्या नळीत मगज असतो तसा माणसाच्या हाडातही असतो, आणि रक्त तिथंच तयार होतं. मला हे माहीतच नव्हतं. स्वराजचं रक्त तयार व्हायचं थांबलंय. आठवड्याला पिशव्या चढवतात, दुसऱ्या माणसांच्या रक्ताच्या. दहा वर्षांचं पोर, पण आता उचललं तर कोकरासारखं हलकं लागतं.

मी मारलं हे कुणालाच माहीत नाही. स्वराजनंही सांगितलं नाही. एरवी एवढा चुगलखोर, पण हे नाही सांगितलं.

आई त्याच्याजवळ पुण्यात, आप्पा मळ्यात नाहीतर रस्त्यावर, आजीला सांगायची सोय नाही. म्हणून ही डायरी. पप्पूदादाच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानावर वर नटबोल्टचं चित्र.

२१ जून, शनिवार

आप्पा आले पुण्याहून. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाचा तरी मगज स्वराजच्या अंगात सोडावा लागेल. पण जुळणारा माणूस पाहिजे.

पप्पूदादा बसला होता ओसरीवर. माझा चुलतभाऊ, रांजणगावला कंपनीत जातो आणि उरलेला वेळ तालमीत. छाती ठोकून म्हणाला, "माजा घ्या की. माजं बी रक्त बी पॉझिटिव्ह, स्वराजचं बी तेच!" झालं. घरात एकदम उजेड पडल्यासारखं. आजीनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. चुलतीनं शिरा केला.

मी म्हटलं, माझं पण बघा.

आजी हसली. "ए गोल्टे, तुझ्यात हाय काय द्यायला? आन् रक्त बी तुझं येगळं."

माझं ओ पॉझिटिव्ह आहे. आणि गोल्टी म्हणजे कांदा निवडताना बाजूला पडतो तो बारका कांदा. मी तेरा वर्षांची आहे आणि पाचवीतली दिसते, म्हणून आजी लहानपणापासून मला गोल्टीच म्हणते. एरवी मला राग येत नाही.

आप्पा ताट सारून उठले. शिरा पण खाल्ला नाही.

२४ जून, मंगळवार

आज मजा आली. लिहितानाही जरा लाज वाटतेय, स्वराज तिकडे असताना.

गौतमी मॅडम आम्हाला विज्ञान शिकवतात. यवतहून स्कूटीवर येतात. म्हणाल्या, हे पुढच्या इयत्तेत आहे पण आज शिकू. आपलं सगळं अंग पेशींचं. प्रत्येक पेशीत केंद्रक, केंद्रकात गुणसूत्रं, आणि गुणसूत्रात डीएनए, म्हणजे पीळ दिलेली शिडी. पायऱ्या चारच अक्षरांच्या – ए, टी, जी, सी. ए टीशीच हात धरणार, जी सीशीच. दुसऱ्याशी नाही म्हणजे नाही.

मग सगळ्यांना मैदानावर काढलं. समोरासमोर दोन रांगा. छातीवर कागद लावला. मी टी. माझ्यासमोर ए म्हणून पाटलांची सुवर्णा. हात धरून शिडी केली. मॅडमनी शिट्टी मारली – सोडा हात! दोन्ही रांगा लांब झाल्या. आता एका शिडीच्या दोन करायच्या. पोरं पुरेनात, म्हणून सातवीच्या वर्गाला बोलावलं. ती सगळी सुटी अक्षरं. मी ओरडले, "मला ए पाहिजे!" एक बुटका ए पळत आला आणि माझा हात धरला. शेवटी मॅडमनी दोन्ही शिड्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. अक्षर न् अक्षर सारखं!

म्हणजे एकेक बाजू आठवणीत ठेवते की समोर कोण होतं. हात सुटला तरी.

पेशीच्या दोन पेशी व्हायच्या आधी हे होतं, म्हणून दोघींना सगळं सारखं मिळतं. मॅडम म्हणाल्या, आपण सगळे एका पेशीपासून सुरू झालो. आपल्या मॅडमसुद्धा! कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी मुख्याध्यापक बी?" मॅडमलाही हसू आवरेना.

२७ जून, शुक्रवार

मॅडमना पेशींचं विभाजन सूक्ष्मदर्शकात दाखवायचंय. कांद्याच्या मुळ्यांची टोकं लागतात, तिथं पेशी सारख्या दुपटत असतात. कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवायचा, की चार दिवसांत मुळ्या.

कांदे आणायला आमच्या वर्गाला सांगायचं म्हणजे! इथं घरोघरी कांदाच. आप्पांनी कांद्याच्या चाळीत जाऊन एकेक दाबून, वास घेऊन, सहा कांदे काढले. एप्रिलमध्ये काढलेला गरवा, म्हणजे उन्हाळी कांदा. गोल, घट्ट, तांबूस, साल चमकणारी. म्हणाले, "शाळंत आपल्या मळ्याचं नाव निघालं पायजे." खूप दिवसांनी आप्पा कशावर तरी असे वाकून बसलेले पाहिले.

वर्गात अकरा जणांनी कांदे आणले. अकराही जणांचे निवडक. खिडकीत पेले मांडले तर बाजार भरल्यासारखं दिसतंय.

१ जुलै, मंगळवार

पप्पूदादा पुण्याला जाऊन रक्त देऊन आला. दहा-बारा दिवसांत कळेल म्हणे. रोज सहा अंडी खातोय, मगज चांगला व्हावा म्हणून.

मुळ्या नाहीत.

३ जुलै, गुरुवार

अजून नाहीत. एका पण कांद्याला नाही. मॅडम पुस्तक चाळतायत. पाणी बदललं, जागा बदलली.

५ जुलै, शनिवार

आजीला सांगितलं तर ती पोट धरून हसली! "आगं, टिकाऊ कांदा म्हंजी झोपलेला कांदा. मुळी फुटत न्हाई म्हणून तर त्यो दिवाळीपातूर ऱ्हातो. आन् समद्यांनी त्योच नेला व्हय शाळंत? तुज्या बापानं बी? येडी रं देवा समदी!"

मग चाळीच्या मागं घेऊन गेली. तिथं पावसात भिजलेला ढीग, टाकून दिलेला. सगळी गोल्टी. आणि प्रत्येकीच्या बुडाला पांढऱ्या मुळ्या, दाढीसारख्या!

७ जुलै, सोमवार

गोल्टी शाळेत नेली आणि सकाळीच मुळ्यांची टोकं कापली. आम्लात बुडवून मऊ केली, रंगाचा थेंब टाकला, वर दुसरी काच ठेवली, आणि मॅडम म्हणाल्या, आता अंगठ्यानं दाब, प्रेमानं.

मी पाहिलं. आधी नुसत्या विटा. मग एका विटेत जाड जाड दोऱ्याचे तुकडे, मधोमध रांगेत उभे. दुसरीत ते तुकडे दोन बाजूंना ओढले गेलेले, जसे रस्सीखेचीत दोन गट मागं सरकतात. तिसरीत मधे भिंत घातलेली. एकीच्या दोन झाल्या!

मॅडमना विचारलं, माणसाच्या हाडातला मगज पण असाच दुपटतो का? त्या म्हणाल्या, हो, सगळ्यांत वेगानं. मग विचारलं, कुणी थोडा काढून घेतला तर त्याचा भरून येतो का? किती दिवसांत? त्यांनी हातातली काच खाली ठेवली. त्यांना स्वराजचं माहीत आहे. म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येणार, पूनम. उगाच काही सांगणार नाही. विचारते."

मला हे फार आवडलं.

८ जुलै, मंगळवार

मॅडमची मैत्रीण डॉक्टर आहे. चार ते सहा आठवड्यांत पूर्ण भरून येतो! थोडासाच घेतात, बाकीचा जागेवर असतो, तो दुपटत जातो.

आणि दुसरं. रक्तगट जुळला म्हणजे मगज जुळला असं नाही. त्याच्या खुणा वेगळ्या असतात, पेशीवरच्या. मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. खुणांच्या दोन माळा आईकडे, दोन आप्पांकडे. प्रत्येक लेकराला आईची एक आणि आप्पांची एक. कोणती, ते नशीब. चार प्रकार होतात. म्हणून सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक. आई-बापांचं अर्धंच जुळतं. चुलतभावाचं तर फारच क्वचित.

चारात एक. फासा टाकल्यासारखं. तरी पप्पूदादाच्या सहा अंड्यांपेक्षा जास्तच!

१२ जुलै, शनिवार

पप्पूदादाचं जुळलं नाही. दहापैकी तीन खुणा. तो ओसरीच्या खांबाला टेकून एवढा रडला, मला वाटलं खांब हलेल. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "येवढा दांडगा गडी आन् काय उपेग न्हाई," असं म्हणाली आणि मग स्वतःच रडायला लागली.

१४ जुलै, सोमवार

आईचा फोन – स्वराजच्या फायलीत रक्ताचं कार्ड राहिलंय का बघ. फाईल घरी, आप्पांच्या पिशवीत. कार्ड नव्हतं. पण एक कागद सापडला. डॉक्टरांचं अक्षर, वीस जूनची तारीख. "सख्खी बहीण – वय १३ – तपासणी सर्वांत आधी." खाली दोन रेघा मारलेल्या.

वीस जून! एकवीसला आप्पा घरी आले आणि म्हणाले फक्त, जुळणारा माणूस पाहिजे.

आप्पांनी लपवलं. माझे आप्पा! मला इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. तिकडे स्वराज पिशव्यांवर जगतोय आणि इकडे चोवीस दिवस तो कागद पिशवीत!

१६ जुलै, बुधवार

आप्पा गायीसाठी लसूणघास कापत होते. मी बांधावर जाऊन उभी राहिले आणि कागद पुढं धरला. "आप्पा, ह्यात माज्याबद्दल लिवलंय."

विळा थांबला नाही. "वाचलंस व्हय."

"का न्हाई सांगितलं?"

आणखी एक मूठ कापून बाजूला टाकली. मग म्हणाले, "एक लेकरू सुईखाली हाय. दुसरं बी घालू? भूल देत्यात, पूनम. कंबरंच्या हाडाला भोकं पाडत्यात. तू हायस येवढीशी. न्हाई उठलीस तर मी कुणाकडं बघू?"

माझा सगळा राग कुठं गेला कळेना. आप्पांच्या तोंडून असं कधीच ऐकलं नव्हतं. पण मी ठरवून आले होते. विचारलं, "हा घास कितव्यांदा कापताय?"

"आठव्यांदा."

"मग संपला का त्यो?"

"खोड जाग्यावर हाय तवर कसा संपल?" म्हणाले, आणि विळा थांबला.

मी सांगितलं सगळं. थोडासाच घेतात, उरलेला दुपटतो, दीड महिन्यात भरतो, मॅडमनी डॉक्टरला विचारलंय, मी स्वतः कांद्याच्या मुळीत बघितलंय. भराभर बोलले आणि बोलता बोलता जे बोलायचं नव्हतं तेही बाहेर पडलं. "आप्पा, मीच मारलं होतं त्याला. कंपासपेटीनं. माज्यामुळंच झालंय."

आप्पांनी विळा टाकला. ओल्या, हिरव्या हातांनीच माझं तोंड धरलं. "येडी का खुळी! आगं, त्यो आजार आतनं दोन महिनं चालू व्हता. डॉक्टर काय म्हणले ठाव हाय? दंडावरचा त्यो डाग दिसला म्हणून टायमात कळलं. येवढ्याशा माराचा येवढा डाग कसा, म्हणून तर तुज्या आईनं दवाखान्यात नेला त्याला."

मी तिथंच घासात बसून रडले. आप्पा शेजारी बसले. चारा तसाच पडला होता. गाय हंबरत होती आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी आप्पा म्हणाले, "दप्तर ठिव. पुण्याला जायचंय."

आजी दारात आडवी उभी. "पोरीच्या कंबरंत सुई घालणार? उद्या तिला लेकरंबाळं व्हायची हायेत, हाय का ध्येनात?"

आप्पा म्हणाले, "आये, आज हायेत ती लेकरं बघू."

केडगावहून गाडी. दवाखान्यात नुसतं रक्त घेतलं, दोन बारक्या नळ्या. स्वराजला काचेतून पाहिलं. त्यानं तोंडावरचा मास्क खाली करून जीभ दाखवली. नर्स ओरडली.

२५ जुलै, शुक्रवार

वाट.

३१ जुलै, गुरुवार

अजून वाटच. मी रोज कागदावर चार चौकोन काढते, एकात स्वराजचं नाव लिहिते आणि डोळे मिटून बोट ठेवते. आतापर्यंत बावीस वेळा. पाच वेळा जुळलं. हे मोजू नये म्हणतात, पण मोजते.

२ ऑगस्ट, शनिवार

दहापैकी दहा! दहापैकी दहा!! दहापैकी दहा!!!

आप्पांना फोन आला तेव्हा ते मोटर चालू करायला गेले होते. तसेच पळत आले, एका पायात चप्पल. पप्पूदादानं मला उचलून खांद्यावर घेतलं आणि आख्ख्या आळीतून फिरवलं. मी ओरडत होते, खाली उतरव!

आजी एकटीच ओसरीवर बसून राहिली. संध्याकाळी माझ्या कमरेवरून हात फिरवत म्हणाली, "कुटनं काढणार गं, गोल्टे? हितं तर हाडच हाडं हायेत."

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. नर्सनं आधी राखी कसल्याशा पाण्यानं पुसून दिली. स्वराज म्हणाला, "ताई, तुजा मगज घातल्यावर मी बी गणितात ढ हुनार का?"

मी गणितात ढ नाही. चाचणीत फक्त एकदा कमी पडले होते. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मी बी फकस्त एकदा पडंल."

मी विचारलं, तू आईला सांगितलं का नाहीस, मी मारलं ते? म्हणाला, "तू बी बोकड पुसला न्हाईस की." खरंय. बोकड अजून वहीत आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल त्याला आतल्या खोलीत घेतलं. आता रोज औषध, जोरकस, जे त्याचा उरलासुरला मगज पण साफ करणार. आपली रोपं लावायच्या आधी रान मोकळं करावं लागतं तसं, आप्पा म्हणाले. आता मागं फिरता येत नाही. माझा आत नाही शिरला तर त्याच्याकडे काहीच उरणार नाही. हे कुणी मला सांगितलं नाही, मला कळलं.

६ सप्टेंबर, शनिवार

उद्या मी पण दाखल होणार. गौतमी मॅडम घरी आल्या होत्या. खोडरबर-पेन्सिल वगैरे काही दिलं नाही. कांद्याच्या मुळीची काचपट्टी दिली, आम्ही केलेली, कागदात गुंडाळून. रंग उडालाय थोडा. म्हणाल्या, "भीती वाटली की आठव, तू हे स्वतः बघितलंयस."

भीती वाटते. आप्पांना सांगितलेलं नाही. भूल दिल्यावर माणूस कुठं जातो?

८ सप्टेंबर, सोमवार

लिहिता येत नाही. झोप येतेय. उठले! आप्पा इथंच आहेत. एवढंच.

१० सप्टेंबर, बुधवार

कंबर ठणकते, कुणी दोन्ही बाजूंनी लाथ मारल्यासारखी. बसताना ओरडते, उठताना ओरडते. पण ठीक आहे.

नर्सनं पिशवी दाखवली होती म्हणे आप्पांना. लाल, दाट, बारक्या तांब्याएवढी. ऑपरेशन वगैरे काही नाही, रक्त चढवतात तशीच स्वराजच्या नळीतून सोडली. त्या पेशी आपल्या आपण रक्तातून फिरत हाडांत जातात आणि तिथं घर करतात. त्यांना कुणी रस्ता सांगत नाही. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, खरंच कुणी नाही? ते म्हणाले, खरंच कुणी नाही.

घरी आले तर आजीनं मटणाच्या नळ्या शिजवून ठेवल्या होत्या. ताट पुढं सरकवून म्हणाली, "खा. दिलंयस त्येवढं भर." आणि मी खाईपर्यंत उठली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आईचा फोन. पांढऱ्या पेशी – शंभर. चांगल्या माणसाला पाच-सहा हजार असतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शंभर.

२० सप्टेंबर, शनिवार

शंभरच्या आत. तोंडात फोड आलेत, बोलत नाही तो. केस गेले.

वर्गात आज दुसराच धडा होता, ध्वनी. मला काही ऐकू आलं नाही. मी वहीच्या मागं लिहीत बसले – एकीच्या दोन, दोनच्या चार, चारच्या आठ. दुपटा गं. माझ्याच आहात ना? मग ऐका माझं.

२२ सप्टेंबर, सोमवार

शंभर.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीनशे!

२७ सप्टेंबर, शनिवार

नऊशे! आई फोनवर आकडा सांगून नुसती रडत होती. आप्पांनी फोन काढून घेतला आणि तेही रडायला लागले. शेवटी फोन आजीकडे, आजीला फोनवर काही ऐकू येत नाही, ती नुसती म्हणत राहिली, "किती? किती?"

३० सप्टेंबर, मंगळवार

एकवीसशे. पाणीपुरी मागितली म्हणे त्यानं. मिळाली नाही, पण मागितली!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्वराज दवाखान्यातून बाहेर. घरी नाही अजून, पुण्यातच जवळ एका खोलीत. फोनवर दिसला. टक्कल. मी म्हटलं, लोकर कापलेलं मेंढरू दिसतोयस. तो म्हणाला, "तू गोल्टी दिसतीस." सगळं ठीक होणार असं वाटायला लागलंय.

१९ ऑक्टोबर, रविवार

लिहायला नको होतं वरचं.

ताप आलाय. पेशी तीन हजारांवरून चौदाशेवर. परत दाखल.

डॉक्टर म्हणाले, या ज्या पेशी आहेत त्या नक्की कुणाच्या, हे आता बघायचं. बहिणीच्या असल्या तर तापाचं औषध देऊन भागेल. भावाच्या स्वतःच्या जुन्या परत यायला लागल्या असल्या, तर बहिणीच्या टिकल्या नाहीत असं समजायचं. मग पुढं काय, ते आप्पांनी विचारलं नाही.

ओळखणार कसं? ते मात्र मी घरी सगळ्यांना सांगितलं, कारण मॅडमनी शिकवलंय. मुलग्याच्या पेशीत गुणसूत्रांची एक जोडी एक्स-वाय, मुलीच्या पेशीत एक्स-एक्स. त्याचं रक्त घेणार, केंद्रकं मोजणार. वाय दिसलं तर तो. नाही दिसलं तर मी.

आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्येच्यात आता तू हायस?" मी म्हटलं, असेन तर.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. फोन उभा करून ठेवला आणि फोनलाच ओवाळलं. स्वराज झोपलेला होता, आईनं कॅमेरा त्याच्यावर धरला. त्यानं डोळे उघडून विचारलं, "ओवाळणी काय पायजे?"

मी म्हटलं, नंतर सांगते. मनात म्हटलं, टिकव मला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रिपोर्ट. पाचशे केंद्रकं मोजली. पाचशेच्या पाचशे एक्स-एक्स. एकही वाय नाही! ताप साध्या विषाणूचा होता, उतरलाय. पेशी पुन्हा वाढतायत. स्वराज फोनवर किंचाळत होता, "म्हंजी मी रक्तानं पोरगी?"

आजीला पळत जाऊन सांगितलं. तिला आधी कळलं नाही. परत सांगितलं. मग ती माझ्याकडे एकटक बघत हळूच म्हणाली, "म्हंजी आतमदी समदी गोल्टीच?"

"व्हय आजी. समदी."